एलिनॉर राणीचा मामा कोण आणि चुलता कोण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत बाराव्या शतकातील फ्रेंच सरदारकन्या आणि पुढे फ्रान्स आणि इंग्लंड या दोन देशांची राणी झालेली एलिनॉर हिच्यावर पानभर लेख आला. तो मी दोनदा वाचला. सोलापूरच्या वाचकांपुढे मध्ययुगीन फ्रान्समधील एका स्त्रीचे चरित्र इतक्या विस्ताराने ठेवावे असे आपल्याला वाटले, याचे मला मनापासून समाधान आहे, कारण या शहरात इतिहास शिकवताना युरोपचा हा भाग मला दरवर्षी परीक्षेच्या आधी घाईघाईने उरकावा लागत असे. लेखाची भाषाही ओघवती होती. तरीही हे पत्र लिहावे लागत आहे, कारण लेखात नात्यांचे चार-पाच शब्द चुकले आहेत आणि एलिनॉरच्या बाबतीत या चुका किरकोळ म्हणून सोडून देता येत नाहीत. तिचे दोन्ही विवाह, पहिल्या विवाहाची अखेर, मुलांची बंडे, नातीचे लग्न हे सारे कोण कोणाचा किती जवळचा या हिशेबावर चालले होते. इंग्रजीतील 'अंकल', 'कझिन', 'सिस्टर-इन-लॉ' या शब्दांखाली तो हिशेब झाकला जातो. लेखकाने बहुधा इंग्रजी मजकूर समोर ठेवून मराठी शब्द अंदाजाने घातले असावेत. चुलता, मामा, दीर, मेहुणा, साडू, व्याही, विहीण असे नेमके शब्द आपल्या घराघरांत बोलले जात असताना अंदाजावर विसंबण्याचे कारण नव्हते.

सर्वांत मोठी चूक पूर्वेकडील अँटिऑक या ख्रिस्ती संस्थानाचा अधिपती रेमाँ याच्याविषयीची आहे. लेखात त्याला एलिनॉरचा मामा म्हटले आहे. तो तिचा सख्खा चुलता होता, म्हणजे अ‍ॅक्विटेनचा ड्यूक विल्यम दहावा या तिच्या वडिलांचा धाकटा भाऊ. धाकटा असल्यामुळे त्याच्या वाट्याला घरची जमीन आली नाही, आणि नशीब काढण्यासाठी तो पूर्वेकडे गेला. अँटिऑकची गादी त्याला मिळाली तीही लग्नानेच. ११३६ मध्ये त्याने तिथल्या लहानग्या वारसदार मुलीशी विवाह केला, आणि त्या मुलीच्या विधवा आईची समजूत मात्र अखेरपर्यंत अशी करून दिलेली होती की हा नवरदेव तिच्यासाठीच आला आहे. दुसऱ्या क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, निमित्ताने ११४८ च्या मार्चमध्ये एलिनॉर आणि तिचा नवरा, फ्रान्सचा राजा लुई सातवा, अँटिऑकला पोहोचले, तेव्हा रेमाँला सैन्य अलेप्पोकडे वळवायचे होते आणि लुईला जेरुसलेम गाठायचे होते. एलिनॉरने चुलत्याची बाजू घेतली. चुलता आणि पुतणी यांच्या लांबलेल्या बोलण्यांवरून छावणीत कुजबुज सुरू झाली, लुईने तिला जवळजवळ बळजबरीने तिथून हलवले आणि या कुजबुजीचे पुढे आठशे वर्षे चघळले गेलेले प्रकरण झाले.

आता 'मामा' या शब्दाने काय होते ते पाहावे. आमच्या सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी हजारो घरे आहेत, आणि त्यांतील अनेकांत बहिणीची मुलगी करून घेण्याची चाल पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. मामेबहीण-आतेभावाची सोयरीक तर मराठी घरांतही नवी नाही. रेमाँ हा मामा होता असे वाचल्यावर आमच्याकडचा वाचक थबकेल आणि यात एवढा गहजब कशाचा असे विचारील. चुलता म्हटल्याबरोबर चित्र बदलते, कारण चुलता हा बापाच्या जागी असतो, आणि तेव्हा एलिनॉरच्या वडिलांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. घरच्या भाषेत, घरच्या आठवणी काढत बोलणारे माहेरचे इतके जवळचे माणूस तिला हजारो मैलांवर भेटले होते. त्या काळच्या लेखकांनी नोंदवलेला संशय खरा की खोटा याचा निकाल आज कोणी देऊ शकत नाही, पण माहेरचा माणूस भेटल्यावर बाई मनमोकळी बोलली, एवढ्यावरून तिच्याबद्दल शंका घेणारे सासर कसे असते हे आपल्याकडच्या बायकांना समजावून सांगावे लागत नाही.

एलिनॉरला मामा होता आणि तोही तिच्या चरित्रात महत्त्वाचा आहे. राउल द फाय हा तिच्या आईचा भाऊ. ११७३ मध्ये तिच्या मुलांनी बापाविरुद्ध, म्हणजे तिचा दुसरा नवरा इंग्लंडचा राजा हेन्री याच्याविरुद्ध, बंड केले तेव्हा तिच्यामागे सल्लागार म्हणून हाच मामा उभा होता. लेखात त्याचे नावही नाही, आणि त्याची जागा चुलत्याने घेतली आहे. एका इंग्रजी शब्दाने दोन माणसांचे एक माणूस करून टाकले, असे मला वाटते. आजोळाबद्दल बोलायचेच तर एलिनॉरच्या आजी-आजोबांची कथा लेखकाने पूर्ण वगळली आहे, ती वगळायला नको होती. तिचे आजोबा विल्यम नववे हे कवी म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी लग्नाची बायको, तुलूझची फिलिपा, घरात असताना दांजेरूज नावाच्या एका विवाहित सरदारपत्नीला आपल्या प्वातिएच्या वाड्यात आणून ठेवले. फिलिपा अखेरीस फोंतव्रोच्या मठात निघून गेली. पुढे त्या विल्यमच्या मुलाचे लग्न त्या दांजेरूजच्या मुलीशी लावले गेले, आणि त्या जोडप्याची थोरली मुलगी म्हणजे एलिनॉर. 'आजी' हा आपला शब्द इथे मात्र अपुरा पडतो, कारण बापाची आई घर सोडून गेली होती आणि आईची आई बापाच्या बापाबरोबर त्याच घरात राहत होती. लग्न लावून कोणाला घरात घ्यायचे आणि कोणाला बाहेर काढायचे, याची गोष्ट एलिनॉरच्या कानावर लहानपणापासून पडत असणार.

तिच्या पहिल्या विवाहाबद्दल लेखात 'देखणी राजकन्या आणि तरुण राजपुत्र' एवढेच आले आहे. खरी गोष्ट जमिनीची आहे. एलिनॉरचा जन्म ११२२ किंवा ११२४ मधला. एकुलता भाऊ ११३० मध्ये लहानपणीच गेला. वडील स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेला निघाले आणि ९ एप्रिल ११३७ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, वाटेतच वारले. लोआर नदीपासून पिरेनीज पर्वतापर्यंतचा अ‍ॅक्विटेनचा विस्तीर्ण मुलूख एका तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीच्या नावावर आला. फ्रान्सच्या राजाच्या प्रत्यक्ष ताब्यातला पॅरिसभोवतीचा टापू त्यापुढे फारच लहान होता. अशा मुलीला पळवून नेऊन तिच्याशी लग्न लावणे हा त्या काळी मुलूख मिळवण्याचा एक रूढ मार्ग होता, म्हणून आजारी राजा लुई सहावा याने वेळ न दवडता आपल्या मुलाला मोठ्या लवाजम्यानिशी दक्षिणेला पाठवले. २५ जुलै ११३७ रोजी बोर्दोच्या कॅथेड्रलमध्ये लग्न लागले आणि आठवड्याभरातच, १ ऑगस्टला, सासरा वारला. नवी सून पॅरिसला पोहोचली ती राणी म्हणूनच. मात्र अ‍ॅक्विटेन फ्रान्सच्या खजिन्यात विरघळले नाही. ते तिच्या वारसाहक्काने तिचेच राहिले, आणि तिच्या मुलाकडे गेल्यावरच दोन्ही मुलूख एक व्हायचे होते. ही बाब लेखात आली असती, तर पुढच्या साऱ्या घटना आपोआप उलगडल्या असत्या. ज्या नवऱ्याला मुलगा होत नाही, त्याच्या हातून बायकोबरोबर तिचा मुलूखही जातो, आणि लुईला या लग्नाच्या पंधरा वर्षांत दोन मुलीच झाल्या, ११४५ मध्ये मारी आणि ११५० मध्ये आलिक्स.

मधल्या काळातली धाकटी बहीण पेत्रोनिला हिची हकीकतही लेखात केवळ 'बहिणीचे प्रेमप्रकरण' या दोन शब्दांत संपली. राउल नावाचा व्हेर्मांद्वाचा काउंट (हा मामा राउल नव्हे) हा लुईच्या वडिलांचा सख्खा चुलत भाऊ, वयाने पेत्रोनिलापेक्षा कितीतरी मोठा आणि विवाहित. त्याची बायको शँपेनचा काउंट थिबो याच्या घरची होती. तिच्याशी आपले जवळचे रक्ताचे नाते असल्याचे राउलला अचानक आठवले, काही धर्मगुरूंनी ते मान्य केले, पहिले लग्न मोडले आणि पेत्रोनिलाशी दुसरे लागले. म्हणजे लुई आणि राउल साडू झाले. आपल्या घरची लेक टाकली गेली म्हणून थिबो संतापला, पोपने राउलला धर्मबहिष्कृत केले, लुईने साडूची बाजू घेऊन शँपेनवर स्वारी केली, आणि त्या स्वारीत व्हित्री या गावातले चर्च आतमध्ये आसरा घेतलेल्या शेकडो माणसांसकट जळाले. एका मेहुणीच्या लग्नापायी हे घडले. रक्ताचे नाते सांगून लग्न मोडता येते हे एलिनॉरने सख्ख्या बहिणीच्या संसारात पाहिले होते, आणि ते लक्षात ठेवले होते. अँटिऑकमध्ये लुईशी वाद झाला तेव्हा आपले नाते निषिद्ध पिढ्यांत बसते, आपण एकत्र राहणे धर्माला धरून नाही, हे आधी तिनेच बोलून दाखवल्याची नोंद त्या काळच्या एका जाणत्या इतिहासलेखकाने केलेली आहे. परतीच्या वाटेवर ११४९ मध्ये पोप यूजीन तिसरा याने दोघांची समजूत घातली, विवाह कायम असल्याचे सांगितले आणि नात्याचा विषय पुन्हा काढण्याची मनाई केली. त्या भेटीनंतर आलिक्सचा जन्म झाला, पण विषय मिटला नाही.

२१ मार्च ११५२ रोजी बोजांसी येथे भरलेल्या धर्मसभेने जो निर्णय दिला, त्याला लेखात 'सगोत्र निघाल्यामुळे झालेला घटस्फोट' असे म्हटले आहे. इथे दोन्ही शब्द चुकले आहेत. घटस्फोटात एक झालेला विवाह संपतो, आणि त्या काळच्या कॅथॉलिक चर्चला तो मान्यच नव्हता. बोजांसीत जे ठरले ते असे की हा विवाह मुळातच होऊ शकत नव्हता, म्हणून तो रद्दबातल आहे. त्यातून जन्मलेल्या मुली मात्र औरसच राहिल्या, कारण आईबापांनी लग्न सद्भावनेने केले होते. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही रद्दबातल विवाहातील मुलांना औरस मानले आहे, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही. राहिला 'सगोत्र' हा शब्द. लुई कापेत घराण्यातला, एलिनॉर प्वातिएच्या घराण्यातली, आणि बापाच्या बापाच्या ओळीने मागे गेले तर ही दोन घराणी कुठेच एकत्र येत नाहीत. दोघांचा समान पूर्वज म्हणजे १०३१ मध्ये वारलेला राजा रॉबेर दुसरा. त्याच्यापासून आँरी पहिला, फिलिप पहिला, लुई सहावा आणि लुई सातवा अशा चार पिढ्या लुईकडे येतात. एलिनॉरकडे येताना रॉबेरचा दुसरा मुलगा, बर्गंडीचा ड्यूक रॉबेर, त्याची मुलगी हिल्दगार्द, तिचा मुलगा विल्यम नववा, त्याचा मुलगा विल्यम दहावा आणि मग एलिनॉर, अशा पाच होतात. हिल्दगार्द लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली, त्या ठिकाणी आपल्या पद्धतीने गोत्र बदलले. नाते उरले ते रक्ताचे. त्याला आपला शब्द सपिंड हा आहे.

याविषयी थोडे अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही, कारण सपिंड म्हणजे कोण याची सर्वांत नावाजलेली चर्चा सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने गेल्यावर लागणाऱ्या बसवकल्याणात, म्हणजे तेव्हाच्या कल्याणीत, लिहिली गेली. चालुक्य राजा विक्रमादित्य सहावा याच्या राजवटीत विज्ञानेश्वराने तिथे 'मिताक्षरा' ही याज्ञवल्क्य स्मृतीवरील टीका लिहिली आणि एकाच शरीराचे अंश ज्यांच्यात उतरले आहेत ते सपिंड, असा अर्थ लावला. याज्ञवल्क्याने आईकडून पाच आणि बापाकडून सात पिढ्यांची मर्यादा सांगितली आहे. तो राजा ११२६ मध्ये वारला तेव्हा एलिनॉर दोन-चार वर्षांची होती. त्याच सुमारास युरोपातील चर्चही सात पिढ्यांपर्यंतचे नाते विवाहाला निषिद्ध मानत होते, फक्त ते आईकडचे आणि बापाकडचे नाते सारखेच मोजत होते. आजच्या आपल्या कायद्यातील पाच आणि तीन पिढ्यांचा हिशेब लावला तर लुई आणि एलिनॉर यांचे लग्न सपिंड ठरत नाही. सात पिढ्यांच्या सरळ मोजणीत ते सापडते. चर्चची ही मर्यादा इतकी रुंद होती की युरोपातील बहुतेक राजघराणी कुठे ना कुठे तिच्यात अडकत. ज्या रॉबेर राजामुळे हे लग्न मोडले, त्याला स्वतःलाही याच कारणावरून आपली राणी बेर्था हिला सोडावे लागले होते. एलिनॉरच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, चर्चच्या १२१५ च्या लॅटरन परिषदेत, सातऐवजी चार पिढ्या असा नियम झाला.

बोजांसीहून ती आपल्या मुलखाकडे निघाली तेव्हा वाटेत तिला पळवून नेण्याचे दोन प्रयत्न झाले. एक ब्ल्वाच्या तरुण काउंटने केला, दुसरा आंजूच्या जॉफ्रीने. दोन्ही वेळा ती निसटली. पहिल्याचे नावही थिबोच, आणि तो शँपेनच्या त्या थिबोचाच मुलगा. पुढे त्याचे लग्न एलिनॉरचीच मुलगी आलिक्स हिच्याशी झाले, म्हणजे जो तिचा नवरा व्हायला निघाला होता तो तिचा जावई झाला. दुसरा तिचा दीर झाला, कारण आठच आठवड्यांनी, १८ मे ११५२ रोजी, प्वातिए येथे तिने त्याचा थोरला भाऊ हेन्री याच्याशी विवाह केला. हेन्री तेव्हा एकोणीस वर्षांचा, ती अठ्ठावीस-तीस वर्षांची. लेखात या विवाहाला 'नात्याच्या अडथळ्यातून मुक्त' म्हटले आहे, ते वाचून मला आश्चर्य वाटले. आंजूची एर्मेंगार्द नावाची एक स्त्री होऊन गेली, तिची दोन लग्ने झाली. पहिल्या नवऱ्यापासून तिला जो मुलगा झाला त्याच्या वंशात चौथ्या पिढीला हेन्री येतो. दुसरा नवरा म्हणजे वर सांगितलेला बर्गंडीचा रॉबेर. त्याच्यापासूनची मुलगी हिल्दगार्द, आणि तिच्या वंशात एर्मेंगार्दपासून चौथ्या पिढीला एलिनॉर. लुईशी नाते चार-पाच पिढ्यांचे होते, हेन्रीशी चार-चार पिढ्यांचे, म्हणजे अधिकच जवळचे. या वेळी ते कोणी मोजले नाही. दोन्ही बाजूंना हे लग्न हवे होते, आणि १९ डिसेंबर ११५४ रोजी दोघांचा वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडचे राजा-राणी म्हणून राज्याभिषेक झाला तेव्हा स्कॉटलंडच्या सीमेपासून पिरेनीजपर्यंतचा प्रदेश एका घरात आला. त्यातला दक्षिणेचा मोठा वाटा तिच्या माहेरचा होता. हेन्रीपासून तिला पाच मुलगे आणि तीन मुली झाल्या. मुलगा न होण्याचा दोष लुईच्या दरबाराने जिच्यावर ठेवला होता, तिच्याबद्दल ही संख्या पुरेशी बोलकी आहे.

लुईने नंतर काय केले हे लेखात एका ओळीत आहे, पण एलिनॉरची नाती तिथेच सर्वांत दाट होतात. ११५४ मध्ये त्याने कॅस्टीलच्या कॉन्स्टन्सशी लग्न केले, तिला दोन मुली झाल्या आणि ४ ऑक्टोबर ११६० रोजी ती बाळंतपणात गेली. त्यानंतर सहा आठवडेही उलटले नाहीत तोच, १३ नोव्हेंबरला, लुईने शँपेनच्या थिबोची मुलगी आदेल हिच्याशी तिसरे लग्न केले. आदेलचे दोन भाऊ, शँपेनचा आँरी आणि ब्ल्वाचा थिबो, यांना एलिनॉरपासूनच्या मारी आणि आलिक्स या मुली ठरलेल्याच होत्या. दोन मुली त्या घरी द्यायच्या आणि त्याच घरची बहीण आपण करून घ्यायची, याला आपल्याकडे साटेलोटे म्हणतात. या साटेलोट्यात लुईचे जावई हेच त्याचे मेहुणे झाले, मुली बापाच्या बायकोच्या भावजया झाल्या, आणि ज्या घरावर त्याने एकेकाळी साडूसाठी स्वारी केली होती ते घर तिहेरी सोयरे बनले. मधल्या दिवसांत, २ नोव्हेंबर ११६० रोजी, हेन्रीने आणखी एक लग्न उरकून घेतले होते. एलिनॉरचा पाच वर्षांचा मुलगा, धाकटा हेन्री, आणि कॉन्स्टन्सची दोन-तीन वर्षांची मुलगी मार्गरीत यांचे हे लग्न, आणि आंदण म्हणून ठरलेला व्हेक्सँचा किल्लेबंद टापू हेन्रीने लगेच ताब्यात घेतला. आठ वर्षांपूर्वी ज्याच्याशी झालेले लग्न रद्दबातल ठरले होते, तो लुई आता एलिनॉरचा व्याही झाला आणि ती त्याची विहीण. मारी ही एका आईकडून नवऱ्या मुलाची बहीण होती आणि एका बापाकडून नवरीचीही, म्हणजे मार्गरीतची बहीण तीच आणि नणंदही तीच. इंग्रजीत यासाठी अर्धे पान लागते. मराठीत एक वाक्य पुरते. म्हणूनच लेखात हे यायला हवे होते असे मला तळमळीने वाटते.

यातूनच लेखातील आणखी एक चूक लक्षात येईल. आदेलला ११६५ मध्ये झालेला मुलगा, पुढे फिलिप ऑगस्टस म्हणून गाजलेला राजा, याला एलिनॉरचा सावत्र मुलगा म्हटले आहे. आदेल ही तिची सवत कधीच नव्हती, तेव्हा फिलिप सावत्र मुलगा होत नाही. तो तिच्या सुनेचा भाऊ होता, आणि तिच्या मुलींचा बापाकडून भाऊ. फिलिपने एलिनॉरच्या मुलांना एकमेकांविरुद्ध आणि बापाविरुद्ध फितवले ते याच सोयरिकीच्या वाटेने.

११७३ च्या बंडाविषयी लेखात बरेच आहे आणि ते बहुतांशी बरोबर आहे. एवढेच सुचवावेसे वाटते की राणीने रोझामंड नावाच्या नवऱ्याच्या प्रेयसीला विष पाजल्याची कथा सत्य म्हणून छापायला नको होती, कारण रोझामंड ११७६ च्या सुमारास वारली तेव्हा एलिनॉर हेन्रीच्याच कैदेत होती. ती सुमारे पंधरा वर्षे कैदेत राहिली, आणि ६ जुलै ११८९ रोजी हेन्री मरण पावला तेव्हा सुटली.

सुटल्यानंतरचे तिचे आयुष्य लेखकाने तीन वाक्यांत गुंडाळले आहे, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. सत्तरीकडे झुकलेल्या या बाईने मुलगा रिचर्ड याच्यासाठी नाव्हारची बेरेंगारिया ही वधू आल्प्स ओलांडून सिसिलीपर्यंत पोहोचती केली. रिचर्ड जर्मनीत कैद झाला तेव्हा दीड लाख मार्कांच्या खंडणीची जुळवाजुळव केली. दहा अपत्यांपैकी आठ तिच्या डोळ्यांदेखत गेली, मागे कॅस्टीलची राणी झालेली मुलगी एलिनॉर आणि मुलगा जॉन हे दोघेच राहिले. आणि १२०० मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीच्या पुढे, फ्रान्सचा राजा फिलिप आणि आता इंग्लंडचा राजा झालेला जॉन यांच्यात तह व्हायचा म्हणून ती हिवाळ्यात पिरेनीज पर्वत ओलांडून लेकीच्या घरी गेली, कारण तहात एक सोयरीक ठरली होती. फिलिपचा मुलगा लुई याला कॅस्टीलची एक राजकन्या द्यायची होती. लेकीच्या मुलींपैकी कोणती, हे आजीने ठरवले. तिने बारा वर्षांची ब्लांश निवडली, तिला घेऊन ती बोर्दोपर्यंत आली, आणि तिथून मुलीला पुढे पाठवून स्वतः फोंतव्रोच्या मठात परतली. हा तोच मठ, जिथे तिची टाकलेली आजी फिलिपा गेली होती. बोर्दो हे तिच्या स्वतःच्या पहिल्या लग्नाचे गाव, आणि तेव्हा तीही जवळपास त्याच वयाची होती. मे महिन्यात ब्लांशचे लग्न झाले. एलिनॉर १२०४ मध्ये वारली, तिची समाधी फोंतव्रोलाच आहे.

ब्लांशचा नवरा लुई हा फिलिपचा मुलगा, म्हणजे लुई सातव्याचा नातू. ब्लांश ही एलिनॉरची नात. या दोघांना १२१४ मध्ये झालेला मुलगा म्हणजे पुढे संत म्हणून पूजला गेलेला राजा लुई नववा. मुलाकडून मोजा किंवा मुलीकडून मोजा, तो लुई सातव्याचा पणतू होतो आणि एलिनॉरचाही पणतू होतो. बोजांसीच्या धर्मसभेने ज्या दोघांचा विवाह झालाच नव्हता असे ठरवले, त्या दोघांच्या वंशांची गाठ शेवटी या मुलात पडली, आणि ती गाठ घालणारी आजी स्वतः एलिनॉर होती. लेखात लुई नवव्याचा उल्लेख आहे, परंतु तो 'फ्रेंच राजघराण्याचा वंशज' असा.

आपल्याला विनंती एवढीच की रेमाँ हा चुलता, राउल द फाय हा मामा, फिलिप हा सुनेचा भाऊ, आणि ११५२ चा निर्णय हा सपिंड नात्यामुळे विवाह रद्दबातल ठरवणारा, या चार दुरुस्त्या येत्या रविवारच्या पुरवणीत छापाव्यात. लेखाच्या वरच्या भागात राजवाड्याचे जे मोठे चित्र होते त्याच्या निम्म्या जागेत दोन्ही घराण्यांची वंशवेल सहज मावली असती. रॉबेर दुसऱ्यापासून लुई नवव्यापर्यंतची अशी वंशवेल मी हाताने काढून, प्रत्येक रेषेवर मराठीत नाते लिहून, या पत्रासोबत जोडली आहे. अक्षर वाचता येत नसेल तर मी कार्यालयात येऊन समजावून देईन. माझ्या जुन्या विद्यार्थिनींपैकी तिघींनी तो लेख कापून ठेवल्याचे मला कळवले आहे, त्यांना ही दुरुस्ती त्याच कात्रणाशेजारी चिकटवता यावी अशी इच्छा आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास-शिक्षिका,
सोलापूर